‘ताई, माझी बुद्धी गेली का?’

पत्र: ताई, मी २७ वर्षांची, मूळची माळशिरस तालुक्यातली. चार वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी करतेय. पहिल्या अटेम्प्टला पूर्व निघाली नाही. दुसऱ्याला मुख्यपर्यंत गेले आणि साडेचार गुणांनी राहिले. तिसऱ्या वेळी पुन्हा पूर्वच गेली. आता पुढच्या पूर्वला सात आठवडे आहेत. सकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यासिकेत असते, झोप साडेचार-पाच तास. तरी एकच पान तीन-तीनदा वाचते आणि डोक्यात काही राहत नाही. टेस्ट सिरीजमध्ये गेल्या वर्षीपेक्षा कमी मार्क पडतायत. येणारे प्रश्न चुकतात. पेपर हातात आला की कोरी होते आणि बाहेर जिन्यात आल्यावर सगळं आठवतं. महिनाभर तोंड आलंय, एक फोड बरा झाला की दुसरा. घरी दोन एकर ऊस, अजून तोड आलेली नाही. धाकट्या भावाने कॉलेज सोडून एमआयडीसीत काम धरलं, तो दर महिन्याला सहा हजार पाठवतो. रूममेट म्हणते, टेन्शन पाहिजेच, त्याशिवाय अभ्यास होत नाही. मी टेबलासमोर ‘झोप म्हणजे नापास’ असं लिहून चिकटवलंय. माझी बुद्धी गेली का? आणि आणखी दोन तास कुठून काढू, तेवढं सांगा.

उत्तर:

प्रिय मुली,

आधी तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. बुद्धी गेलेली नाही. आणि दोन तास वाढवायचे नाहीत, कमी करायचे आहेत. दोनापेक्षा जास्तच.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात बोलकं वाटलं ते तुझं तोंड येणं. तू ते मध्येच एका ओळीत लिहून पुढे गेलीस. १९९८ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये एक छोटासा प्रयोग झाला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची एक बारीक जखम मुद्दाम केली गेली. एकदा उन्हाळी सुट्टीत, आणि एकदा महत्त्वाच्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणसं तीच, तोंड तेच, जखम तेवढीच. परीक्षेच्या दिवसांतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक वेळ. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्या वेगाने भरली नाही. आणि ही मुलं काही संकटात नव्हती. त्यांना फक्त नेहमीसारखी एक परीक्षा द्यायची होती.

हे सांगण्याचं कारण असं, की ताण म्हणजे ‘मनाचे खेळ’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, आणि मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. ताण शरीरात उतरतो. जखम भरणारं शरीर आणि पान लक्षात ठेवणारा मेंदू हे काही दोन वेगळ्या घरांत राहत नाहीत.

पण एक आधीच सांगते, आणि हे काम याच आठवड्यात कर. महिनाभर तोंड येत असेल तर ते डॉक्टरांना दाखव. सगळंच ताणाच्या खात्यावर टाकू नकोस. मेसचं जेवण, चहा-बिस्किटांवर काढलेल्या दुपारी, चार वर्षं असं चाललं की मुलींमध्ये लोह आणि बी-१२ कमी होऊ शकतं. त्यानेही तोंड येतं, थकवा राहतो, लक्ष लागत नाही. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉईड डॉक्टरांना विचारून तपासून घे. एका सकाळचं काम आहे. रिपोर्टमध्ये काही निघालं तर औषधाने भरून येईल, आणि ते तू आळस किंवा नालायकी समजून महिनोन्‌महिने वागवत बसली होतीस असं होणार नाही.

आता उसाकडे येते. तुझ्या पत्रात तो एका ओळीत आहे, पण मला वाटतं तुझ्या डोक्यात तो चोवीस तास उभा आहे.

तमिळनाडूतल्या ५४ गावांत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी झाली होती. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ या चौघांचा तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येक शेतकऱ्याला दोनदा गाठलं. एकदा तोडणीआधी, जेव्हा हात आखडलेला असतो, दागिने गहाण असतात, उधारी वाढलेली असते. आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर. दोन्ही वेळा त्यांना आकृत्यांची कोडी घातली, रिकाम्या जागी कोणता तुकडा बसेल अशी. दुसरी परीक्षा अंकांची होती. कागदावर ५ ५ ५ असं लिहिलेलं, आणि उत्तर द्यायचं ‘तीन’, कारण अंक किती वेळा आलाय ते विचारलंय. पटकन ‘पाच’ तोंडातून निघून जातं, ते आवरावं लागतं. तोच शेतकरी तोडणीआधी हळू होता आणि चुकत होता, आणि तोडणीनंतर सुधारला. मधल्या काळात तो काही नवं शिकून आला नव्हता.

तुला हे वेगळं समजावून सांगायला नको, कारण तोडीची पाळी म्हणजे काय ते तू पाहत मोठी झालीस. तिथेही कारखाने आपापल्या क्षमतेप्रमाणे कुणाचा ऊस आधी नेतात, कुणाचा नंतर, काही महिने ते चालू असतं. त्यामुळेच संशोधकांना खात्री करता आली की हा फरक ऋतूचा किंवा सणासुदीचा नाही, हातात पैसा असण्या-नसण्याचा आहे. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर लोकांची अशीच चाचणी घेतली तेव्हा फरक आढळला नाही, हेही खरं. माझं मत विचारशील तर, चार दिवसांवर आलेला पगार आणि शेतात उभा ऊस या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पगाराची तारीख ठरलेली असते. उसाला तुरे फुटू लागलेत, वजन घटतंय, तोडणीची टोळी आज येते म्हणते आणि उद्या येते म्हणते, त्यात वर्षाचा हिशोब अडकलेला. ही काळजी वेगळ्या जातीची आहे.

तू अभ्यासिकेत बसून पंचायत राजचं कलम वाचत असतेस तेव्हा डोक्याच्या एका कोपऱ्यात बापाचा फोन चालू असतो, दुसऱ्या कोपऱ्यात भावाचे सहा हजार. डोकं तेवढंच आहे. उरलेल्या जागेत कलम कसं मावणार? मग ते तीनदा वाचावं लागतं. याला बुद्धी जाणं म्हणत नाहीत, जागा अडणं म्हणतात.

आणि जागा अडते तशी मोकळीही होते. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेलं एक काम मी पुन्हा पुन्हा लोकांना सांगते. डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेसाठी महिनाभर झटणारी २० मुलं. त्यांना पडद्यावर हलणारी रंगीत वर्तुळं दाखवली. कधी रंग पाहून उत्तर द्यायचं, कधी हालचालीची दिशा पाहून. एकावरून दुसऱ्याकडे लक्ष वळवताना ती ताण नसलेल्या मुलांपेक्षा अडखळली. मेंदूच्या स्कॅनमध्येही कपाळामागच्या भागाचं इतर भागांशी असलेलं जुळवणं सैल झालेलं दिसलं. परीक्षा संपली, ताण उतरला, महिनाभराने त्याच मुलांना पुन्हा तपासलं. फरक उरला नव्हता.

लक्ष एकावरून दुसऱ्यावर वळवणं म्हणजे तुझ्या पेपरातला विधानांचा प्रश्नच की! विधान ‘अ’ बरोबर, ‘ब’ चूक, ‘क’ अर्धवट बरोबर, आणि शेवटी विचारलंय ‘अयोग्य पर्याय निवडा’. ‘अयोग्य’ हा शब्द नजरेतून निसटला की येणारा प्रश्न गेला. तुझे येणारे प्रश्न चुकतात ते मला वाटतं इथे. शेवटच्या दोन-तीन टेस्टचे पेपर काढ आणि चुकलेल्यांपैकी किती प्रश्न माहीत नव्हते आणि किती वाचायला चुकलीस ते मोज. दुसऱ्या ढिगात जास्त पडले तर आणखी एक पुस्तक वाचून ते भरून निघणार नाहीत. मात्र तू हे एक महिना नाही, चार वर्षं सोसते आहेस. म्हणून महिन्यात सगळं उतरेल असं वचन मी देत नाही. सात आठवड्यांत फरक तुलाच जाणवेल, एवढं म्हणेन.

पेपर हातात आल्यावर कोरं होणं आणि जिन्यात सगळं आठवणं, यालाही कारण आहे. ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. झुरिकमध्ये २००० साली संशोधकांनी लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी विचारली. विचारण्याआधी तासभर ज्यांना त्याच जातीची गोळी दिली होती त्यांना कमी शब्द आठवले. पाठ करताना ती गोळी दिली तर तसा फरक पडला नाही. म्हणजे कोठारात माल होता, दार अडलं होतं. जिन्यात आल्यावर तुझं दार उघडतं.

मग दार अडणार नाही असं काही करता येतं का? येतं, आणि माझ्या या सगळ्या लांबणीत तुझ्या सर्वांत उपयोगाचं हेच आहे. बॉस्टनजवळच्या टफ्ट्‌स विद्यापीठात २०१६ साली १२० विद्यार्थ्यांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. अर्ध्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. अर्ध्यांनी एकदा पाहून मग न बघता आठवून लिहिली, असं पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या काहींना अनोळखी माणसांपुढे आयत्या वेळी भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावून चांगला घाम फोडला आणि मग विचारलं. वाचणाऱ्यांची आठवण ताणात घसरली. आठवून लिहिणाऱ्यांची घसरली नाही.

तू चार वर्षं वाचते आहेस. रंगीत पेनाने रेघा मारून तेच पान पाचव्यांदा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं वाटतं. उद्यापासून अर्धा अभ्यास कोऱ्या कागदावर कर. राज्यपालांचे अधिकार एकदा वाच, पुस्तक मीट, पाठकोऱ्या कागदावर आठवेल तसं लिही. अडलं तरी लगेच पुस्तक उघडू नकोस, मिनिटभर झगड. मग उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. सुरुवातीला जीव नकोसा होईल. आठ मुद्द्यांपैकी तीन आठवतील आणि तुला वाटेल, बघा, मी म्हटलं नव्हतं का बुद्धी गेली म्हणून. तिथे थांबू नकोस.

रूममेटला चूक म्हणू नकोस, तिच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. १९०८ साली यर्किस आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना दोन खोक्यांतला फरक ओळखायला शिकवलं होतं, चुकले की विजेचा झटका. फरक ढळढळीत असला तर झटका जोराचा असताना उंदीर लवकर शिकत. फरक बारीक असला तर जोराच्या झटक्याने शिकणं उलट लांबे. उंदरांवरून माणसांचं सगळं काढू नये, पण एवढं मला पटतं. साध्या कामाला टेन्शन धकतं, बारकाव्याच्या कामाला धकत नाही. आयोगाचे प्रश्न बारकाव्याचे असतात.

आता तो कागद. ‘झोप म्हणजे नापास’. हे पत्र वाचून होताच तो काढ.

२००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन आठवडे रोज मोजून झोपू दिलं, काहींना आठ तास, काहींना सहा, काहींना चार. सहा तास आणि त्याहून कमी झोपणाऱ्यांची सावधपणाची आणि स्मरणाची चाचणी रोज थोडी थोडी खाली येत गेली. शेवटी ती अशी झाली, जशी सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाची होते. आणि त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणत, तशी काही फार झोप आलेली नाही. माणसाला आपण किती मंदावलोय ते कळेनासं होतं, ही त्यातली काळजीची गोष्ट. तू साडेचार-पाच तासांवर आहेस आणि दोन आठवडे नव्हे, कित्येक महिने.

म्हणून रात्री साडेदहाला खोलीवर, अकराला दिवा बंद, सहाला उठायचं. पहिले चार-पाच दिवस झोप लागणार नाही, अपराधी वाटेल, अभ्यासिकेतल्या इतर मुली अजून बसल्यात हे डोळ्यांसमोर येईल. पडून राहा. सकाळी सात ते दुपारी एक, मग जेवण आणि अर्धा तास आडवं होणं, मग तीन ते सात. संध्याकाळी मैत्रिणीबरोबर चालायला जा, पण चालताना चालू घडामोडी एकमेकींना विचारायच्या नाहीत. हे दहा तास होतात. तुझ्या सतरा तासांतल्या खऱ्या वाचनापेक्षा ते जास्त भरतील, कारण त्यात तीन-तीनदा वाचलेली पानं नसतील.

घराचं काय? ऊस तुझ्या हातात नाही. तो कधी तुटेल हे अभ्यासिकेत बसून ठरत नाही. पण बाबांशी ठरवून घेता येईल की आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, सगळं सविस्तर बोलायचं. तोड, उधारी, कारखान्याचं बिल, सगळं. मधल्या दिवशी फोन आला तर जेवलीस का, एवढंच. ‘अभ्यास कसा चाललाय’ हा प्रश्न तर पूर्व होईपर्यंत विचारायचाच नाही, हे त्यांना तू स्वतः सांग. बाबांना वाईट वाटेल असं तुला वाटत असेल. मला तर वाटतं, काय बोलावं ते सुचत नाही म्हणून ते तोच प्रश्न विचारत असतील. त्यांनाही सुटका मिळेल.

भावाशी मात्र बोलायलाच हवंय. त्याने कॉलेज सोडलं, त्याचं ओझं तू रोज उचलते आहेस आणि त्याला ते ठाऊकही नसेल. त्याला विचार, तुला पुन्हा शिकायचंय का? मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवी होते. त्याचं उत्तर काहीही येवो, तू मनात धरून बसलेल्या उत्तरापेक्षा ते कमी जाचक असेल.

आणि पुढच्या अटेम्प्टचं. लंडनमध्ये २०१६ साली एक प्रयोग झाला होता. लोकांना संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे, कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका बसणार हे पक्कं ठाऊक असताना जेवढा ताण आला त्यापेक्षा, बसेल की नाही हे अर्धंअर्धं असताना जास्त आला. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून पाहिलं होतं. तुमचं आयुष्य त्या दगडांसारखंच झालंय. निकाल लांबतो, तारीख पुढे जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्व आठवड्याच्या आत आली असताना पुढे ढकलली गेली आणि १ डिसेंबरला झाली. त्या तीन महिन्यांत मुलांनी काय सोसलं ते माझ्याकडे आलेल्या पत्रांतून मी वाचलंय. तारखा तुझ्या हातात नाहीत. पण किती काळ द्यायचा ही एक गोष्ट तुझ्या हातात आहे. पूर्व होईपर्यंत तो विषय बंद ठेव. पूर्व झाली की गावी जा, दोन दिवस झोप, आणि मग आई-बाबा आणि भाऊ सगळे बसून एक वर्ष आणि महिना ठरवा, कागदावर लिहा. त्यानंतर काय करायचं तेही लिहा, सरळसेवा, बँका, बी.एड., जे पटेल ते. साडेचार गुणांनी राहिलेली मुलगी कुठेही गेली तरी रिकाम्या हाताने जात नाही. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही, तसं वाटतं म्हणून म्हणते.

एक गोष्ट मी तुला सुचवणार नाहीये, पण ती तू कुठेतरी वाचशील म्हणून सांगते. पेपरआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढली की मार्क वाढतात, असं २०११च्या एका गाजलेल्या अभ्यासात आलं होतं. पुढे दुसऱ्यांनी तो करून पाहिला तेव्हा तो परिणाम टिकला नाही. लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिही, पण मार्कांसाठी नको. त्यापेक्षा उरलेल्या टेस्ट परीक्षेच्याच वेळेला, अनोळखी वर्गात, घड्याळ लावून दे. पेपर हातात आला की पहिली दोन मिनिटं काही सोडवायचं नाही, पाय जमिनीला टेकवून श्वास सावकाश सोडत बसायचं, हे प्रत्येक टेस्टला कर. त्या दिवशी ते नवं वाटायला नको.

शेवटचं विचारते, रागावू नकोस. सगळं संपवावं, आपण नसलो तर घरच्यांचं ओझं उतरेल, असा विचार कधी येतो का? येत असेल तर कोऱ्या कागदाचं आणि टेस्टचं सगळं बाजूला ठेव आणि आधी १४४१६ वर फोन लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. रूममेटला उठवून सांग. रात्री दोन वाजता उठवलंस तरी चालेल.

रक्ताचे रिपोर्ट आले की मला दोन ओळी लिही. आणि बाबांच्या उसाला तोड आली की तेही कळव.

तुझी
ताई